बायडाबाईला दाखवायचे राघू

मच्छिंद्र फुंदे याने कतारमध्ये बारा वर्षं पाण्याचा टँकर चालवला. पहिली तीन सोडली, तर या बारा वर्षांत कुणीही त्याला "काय रे, कसं आहे तिकडं?" असं विचारलं, की हा माणूस पाखरांवर घसरायचा. पगाराचं विचारा, पाखरं. जेवणाचं विचारा, पाखरं. उन्हाचं विचारलंत तर म्हणायचा, "ऊन हाय की, पन उन्हात बसाया रान हाय." ऐकणारा मनात म्हणायचा, याला ऊन लागलेलं दिसतंय. आता ऐकणाऱ्याला तरी काय नावं ठेवायची? वाळवंटात रान, असं कुणी सांगितलं तर तुम्ही-आम्ही तरी काय म्हटलं असतं!

पण रान होतं. दोह्याहून उत्तरेला अल रुवैसच्या बंदराकडे जो रस्ता जातो, त्याच्या डाव्या हाताला एका ठिकाणी जमीन खोलगट होते. वर्षाकाठी जे चार शिंतोडे पडतात त्यांचं पाणी तिथं उतरतं आणि त्या पाण्यावर तीस-चाळीस झाडं उभी होती. इतकी जुनी, की कुणी लावली हे सांगणारं माणूस उरलेलं नव्हतं. खोडं अशी, की दोघांनी हात धरले तरी कवेत येऊ नयेत. मच्छिंद्र पहिली तीन वर्षं दोह्यातच बांधकामांवर पाणी टाकत होता. अठ्ठ्याहत्तर साली त्याला रुवैसची लाइन मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात डबा खायला सावली हवी म्हणून तो तिथं उतरला. फांदी बाजूला करायला हात घातला तर आकडी काटा बोटात शिरला. हा बोटातलं रक्त चोखत तिथंच उभा राहून हसायला लागला, कारण काटा ओळखीचा होता. अरब लोक त्या झाडाला सिद्र म्हणतात. म्हणू देत. ती बोर होती. त्याच्या गावाकडे, पाथर्डीच्या बांधावर जी गुडघ्याएवढी वाढते आणि शेळ्यांना पुरत नाही, तीच इथं वडाएवढी होऊन बसली होती.

त्या झाडांच्या पलीकडे युसुफ अरबाबची बाग होती. अरबाब म्हणजे मालक. एक विहीर, खजुरीच्या चार ओळी आणि दहा-बारा शेळ्या, एवढीच ती बाग. टँकर त्याचा, आणि मच्छिंद्रचा व्हिसाही त्याच्याच नावावर. म्हातारा तरुणपणी मोती विकायला मुंबईला यायचा, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. बागेपेक्षा तो या बोरींखालीच जास्त बसलेला असायचा. ड्रायव्हर इथं टँकर थांबवून वर बघत बसतो हे त्याने पाहिलं. दुसरा कुणी मालक असता तर खडसावलं असतं. याने कॉफीचा दुसरा कप मागवला.

तर राघू. त्या पहिल्याच सप्टेंबरात, गणपती बसलेले असताना, मच्छिंद्र डबा उघडून बसला होता आणि आभाळातून आवाज आला. मग झाडांच्या शेंड्यांवर एकदम रंग उतरले. आपल्याकडच्या वेड्या राघूपेक्षा दीडपट मोठे, पाठ विटकरी, पोट निळं आणि गळा हळद लागल्यागत पिवळा. शंभरेक असतील. दोन-तीन दिवस राहिले, माश्या आणि चतुर मटकावले आणि कुठं दक्षिणेला निघून गेले. त्या दिवशीची भाजी कसली होती हे मच्छिंद्रला विचारलंत तर सांगता आलं नसतं. डबा तसाच्या तसा परत आला होता.

तिथून त्याला नादच लागला. शुक्रवारी सुट्टी, बाकीचे लोक झोपा काढायचे किंवा पत्ते कुटायचे, आणि हा युसुफच्या पिकअपमध्ये बसून रानात. हळूहळू वर्षाचा क्रम पाठ झाला. थंडीत धोबी यायचे आणि शेपटी हलवत टँकरच्या गळक्या नळाखाली हिंडायचे. थंडी सरताना तुरेवाले यायचे, ज्यांना पाथर्डीकडे सुतार म्हणतात. एप्रिलात सगळे परतीच्या वाटेला लागायचे. राघू तेव्हा उंचावरून निघून जायचे, खाली बघायचेसुद्धा नाहीत. मे ते ऑगस्ट सगळा शुकशुकाट. आणि गणपतीत पुन्हा राघू. अठ्ठ्याहत्तरला गणपतीत आले. एकोणऐंशीला हा गावी गेला होता. ऐंशीला गणपतीत आले, एक्क्याऐंशीला तर ऐन अनंत चतुर्दशीच्या दिवशी आले. मच्छिंद्रच्या डोक्यात गणित पक्कं बसलं, की पाखरं गणपतीला येतात. मुसलमानी मुलुखात येऊन गणपती पाळणारी पाखरं, याचं त्याला कोण कौतुक!

हे सगळं तो बायकोला लिहायचा. बायडाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून पोस्टमन पारावर बसून मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्यामुळे पत्र सगळ्या गावाचं व्हायचं. मच्छिंद्रच्या पत्रात दुसरं काही नसायचंच. ‘राघू आले. शंभर-सव्वाशे असतील. मी लई मजेत आहे.’ गाव खो-खो हसायचं. बायडाबाई पदर खोचून घरी निघून जायची.

ब्याऐंशी साली युसुफ अरबाबच्या मनात आलं आणि त्याने मच्छिंद्रच्या बायकोला दोन महिन्यांचा व्हिसा काढून दिला. साधा ड्रायव्हर, त्याची बायको विमानाने येते, हे तेव्हा नवलच होतं. राहायचा प्रश्न वसईच्या फेलिक्सने सोडवला. फेलिक्स हॉस्पिटलात क्लार्क, त्याची बायको लिडिया नर्स, आणि दोह्याच्या अल नस्र भागातल्या त्यांच्या बिल्डिंगला पाणी टाकणारा टँकर मच्छिंद्रचा. त्यांची पोरं सुट्टीला आजीकडे वसईला गेली होती, तर पोरांची खोली रिकामी. "दोन महिने तुझीच म्हण," लिडिया म्हणाली. मच्छिंद्रने परतीचं तिकीट अनंत चतुर्दशीनंतरचं, तीन सप्टेंबरचं काढलं. म्हणजे गणपतीचे दहाही दिवस हाताशी. आपल्या हुशारीवर तो स्वतःच खूष होता.

बायडाबाई चार जुलैला उतरली. विमानाच्या दारात वाफ तोंडावर आली तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. पहिल्याच शुक्रवारी नवऱ्याने तिला रानात नेलं. बोरी बघून ती हरखली, खोडावरून हात फिरवला, पानं चुरगाळून वास घेतला. पण पाखरू म्हणाल तर एक चंडोल, तोही चोच वासून सावलीला बसलेला.

"गणपतीत बघ," मच्छिंद्र म्हणाला.

प्रत्येक शुक्रवारी हेच. ती पदराने वारा घेत बसायची आणि तो रिकाम्या फांद्यांकडे बोट करून सांगायचा, इथं बसतात, इथून उडतात, तिकडं झेपावतात. बायडाबाई मुकाट्याने बोटाच्या दिशेने बघायची. मच्छिंद्रच्या जुन्या खोलीतला संपत सुतार तर भेटला की विचारायचा, "वहिनी, राघूंनी तार-बिर केली का?"

गणपती आले बावीस ऑगस्टला. लिडियाच्या घरात, येशूच्या फोटोखालच्या स्टुलावर गणपतीची तसबीर बसली, शिरा झाला, फेलिक्सने दोनदा मागून घेतला. गौरी आल्या. सत्तावीस तारखेचा शुक्रवार आला आणि मच्छिंद्र पहाटेपासून मान वर करून बसला तो दुपारपर्यंत. मान अवघडली, डोळे चुरचुरले. चंडोलसुद्धा फिरकला नाही.

संध्याकाळी खोलीत आल्यावर त्याने पाण्याचा तांब्याही तोंडाला लावला नाही. बायडाबाई समोर बसली.

"एक इचारू? राग न्हाई ना यायचा?"

"इचार."

"ती पाखरं हायेत का?"

"म्हंजी?"

"म्हंजी खरी हायेत का. नसली तर नसूं द्या, मी कुनाला सांगत न्हाई." तिने आवाज खाली केला. "गाव हसतं, हसूं द्या. मला वाटतं, तुमी माज्यासाठी लिवता. हितं उन्हात भाजता, एकटं खाता, एकटं झोपता, आन् लिवता की राघू आले, लई मजेत हाय. बायकूनं रडू नये म्हनून. दरसाली ते पत्र आलं, की मी चुलीपुढं बसून रडायचे. एवढं खोटं लिवायची पाळी आली मानसावर, तर दिवस कसं काढत आसंल, म्हनून."

गाव हसतं हे मच्छिंद्रला ठाऊक होतं, त्याचं त्याला काही नव्हतं. पण ज्या पत्रांनी बायको सुखावत असेल असं तो इतकी वर्षं धरून चालला होता, त्यांनीच ती रडत होती. आणि सात दिवसांनी ती हाच समज घेऊन विमानात बसणार होती. आता तो कितीही शपथा घालो, ती "बरं बरं" म्हणणार, आणि पुढचं पत्र आलं की पुन्हा चुलीपुढं बसणार.

"माजी पाखरं खोटी न्हाईत," एवढंच तो म्हणाला. मग बोटं मोडत बसला. "आठ्ठ्याहत्तरला गणपतीत. ऐंशीला गणपतीत. गेल्या साली चतुर्दशीला. मंग यंदाच काय झालं त्यास्नी?"

बायडाबाई काहीतरी आठवत होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या पत्राच्या वेळी शेतात काय चाललं होतं हे तिला एकूण एक ठाऊक होतं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "राघूंचं पयलं पत्र आलं तवा हत्तीचा पाऊस लागला व्हता, बाजरीची कनसं सोप्यात वाळत घातली व्हती. ऐंशीचं पत्र आलं तवा पितर चालले व्हते, पन पाऊस हत्तीचाच. आन् गेल्या सालचं पत्र घट बसायच्या आदल्या दिशी आलं. तवा बी हत्तीच लागला व्हता." हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "पत्राला किती दिस लागत्यात?"

"पंधरा."

"म्हंजी मधली उत्तरा वजा केली, तर तुमची पाखरं पूर्वा सरताना येत्यात. कवा पितर, कवा घट, तिथी दरसाली निराळी. नक्षत्र एकच. आज मघा चालू हाय. आन् यंदा धोंड्याचा म्हयना हाय ना आश्विनात? दोन आश्विन हायेत, म्हनून गणपती एवढं लवकर आलं. अवो, पाखरं काय पंचांग बघून निघत्यात व्हय?"

मच्छिंद्र तिच्याकडे बघतच राहिला. जन्म शेतात गेला, पेरणी नक्षत्रावर केली, पाऊस नक्षत्रावर मोजला, आणि कतारला येऊन टँकर चालवायला लागल्यावर हा गडी पाखरांना तिथी लावत बसला होता. त्याने कपाळावर हात मारून घेतला. पण जीव भांड्यात पडायची सोय नव्हती. पूर्वा सरणार तेरा सप्टेंबरच्या सुमारास आणि बायकोचं विमान तीन तारखेला.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला टँकरमध्ये बसवलं आणि युसुफ अरबाबपुढे नेऊन उभं केलं. सगळा गोंधळ ऐकून म्हातारा इतका हसला, की त्याला ठसका लागला.

"हमारा रमजान देखो," तो म्हणाला. "कभी ठंडी में, कभी गर्मी में. इस साल गर्मी में आया, हम लोग खलास. तैर रमजान नहीं देखता, तुम्हारा गणपती भी नहीं देखता. तैर सुहैल देखता है." तैर म्हणजे पाखरू, आणि सुहैल म्हणजे आपण ज्याला अगस्ती म्हणतो तो तारा. तीन दिवसांपूर्वी पहाटे तो म्हाताऱ्याला दिसला होता. सुहैल दिसल्यावर साधारण पंधरा दिवसांनी पाखरं उतरतात, हे त्याच्या बापाला ठाऊक होतं आणि बापाच्या बापालाही. मच्छिंद्रने इतक्या वर्षांत विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही, इतकंच.

नवऱ्याने उलगडून सांगताच बायडाबाईने मान हलवली. "अगस्ती उगवला म्हंजी पाऊस सरत आला. बराबर हाय त्यांचं." मग नवऱ्याला काही कळायच्या आत ती दोन पावलं पुढे झाली, पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हाताऱ्यापुढे दहा बोटं धरली. "बाबा," ती सरळ मराठीत म्हणाली, "मला दहा दिस द्या. घरी सासू हाय, पोरगी हाय, बाजरी काढायला आली हाय. तरी मी ऱ्हाते. एवढं बघितल्याबिगर मी जायची न्हाई."

मच्छिंद्र भाषांतर करायला तोंड उघडतो, तर युसुफने त्याला हाताने थांबवलं. त्याला दहा बोटं समजली होती. "इन्शाल्ला," तो म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी कागद घेऊन स्वतः ऑफिसात जाऊन बसला.

मुदत वाढली. फेलिक्सने तिकीट बदलून आणलं, मुदतीच्या आत जागा मिळाली ती अकरा सप्टेंबरची, शनिवार सकाळची. गावी लक्ष्मीबाईला, म्हणजे सासूला, तार गेली. लिडियाची पोरं परत आली होती. तिने त्यांच्या गाद्या हॉलमध्ये टाकल्या आणि पोरं काही बोलायच्या आत डोळे वटारले. आणि युसुफने आणखी एक मुभा दिली. हे दहा दिवस बायकोला रोज टँकरमध्ये घेऊन जा, म्हणाला, पाखरं काय शुक्रवार बघून येत नाहीत.

ते दहा दिवस! लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण नवरा-बायको इतका वेळ शेजारी शेजारी कधी बसलेच नव्हते. घरी शेत, सासू, जनावरं. बोलायचं ते अंधारात आणि कुजबुजत. इथं टँकरच्या उंच सीटवर पाय वर घेऊन बायडाबाई बसायची आणि रुवैसपर्यंत तिचं तोंड थांबायचं नाही. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या भावकीत जुंपली, पोरगी शाळेत कशी पहिली आली, सगळं साठवून ठेवलेलं बाहेर पडत होतं. रुवैसला तिने जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. मच्छीमारांनी तिला दोन मासे दिले. ती माळकरी, शिवायचीसुद्धा नाही. लिडियाची मात्र चंगळ झाली. येता-जाता दोन्ही वेळा टँकर बोरींपाशी थांबायचा आणि दोघं वर बघायची. फांद्या रिकाम्याच.

असे बुधवार, गुरुवार गेले. शुक्रवार उजाडला, दहा तारीख. तिची ट्रंक आदल्या दिवशीच बांधून झाली होती.

रानात युसुफ आधीच येऊन बसला होता. आठ वाजले, नऊ वाजले, सावल्या आखडल्या. मच्छिंद्रच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. युसुफचा सुहैल चुकला असेल, ढगाच्या फटीतून दुसराच तारा दिसला असेल. किंवा एकवेळ तेरा तारखेला येतील, सव्वाशे येतील, आणि त्याला एकट्यालाच दिसतील. मग तो पत्र लिहिणार, पोस्टमन वाचणार. त्याला पुढचा विचारच नको झाला. बायडाबाईने एकदा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "नसूं द्या." तिच्या आवाजात माया होती. ही माया त्याला नको होती. त्याला राघू हवे होते.

दहाच्या सुमारास युसुफने कॉफीचा कप खाली ठेवला आणि एक बोट वर केलं.

आवाज आधी आला. उंचावरून, दिसत काहीच नाही, नुसता प्रुर्र, प्रुर्र, दहा ठिकाणांहून. मच्छिंद्र उठून उभा राहिला. मग निळ्या आभाळात ठिपके दिसले, ठिपक्यांना पंख फुटले, आणि एक मोठा वळसा घेऊन सगळे खाली आले. समोरची बोर, पलीकडची, त्या पलीकडची, शेंड्याशेंड्यावर पिवळे गळे आणि विटकरी पाठी. युसुफ हात जोडून छातीशी धरून बसला होता आणि गालातल्या गालात हसत होता.

बायडाबाई मोजायला लागली. साठपर्यंत आली, तेवढ्यात अर्धे उडाले आणि पुन्हा बसले, तिने पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा चुकली. तिच्या डोक्यावरच्याच फांदीवर एका राघूने चतुर धरून आणला होता आणि त्याला तो फांदीवर इकडून तिकडून आपटत होता. चतुराचा एक पंख तुटून गिरक्या घेत तिच्या खांद्यावर पडला. तिने तो चिमटीत धरला, बघितला, आणि आहे त्या जागी मातीत फतकल मारून बसली. खांदे हलत होते. पदर डोळ्यांना होता.

मच्छिंद्र घाबरला. तिच्यापुढे उकिडवा बसला. "काय झालं गं?"

तिने पदर काढला. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"म्हंजी तुमी खरंच मजेत व्हता हितं."

"व्हय," मच्छिंद्र म्हणाला. "लिवलं तर व्हतं."

बायडाबाईने वर पाहिलं, सव्वाशे राघूंकडे, आणि मग नवऱ्याकडे.

"आन् मी चार वर्सं उगाच रडले," ती म्हणाली.